अल्प खर्चांतील आनंदसंमेलन

वाढदिवस, परीक्षेचा चांगला निकाल, दूरच्या गांवीं जाणाऱ्या सोबत्याचा निरोप, सुटीचा पहिला दिवस, अशा प्रसंगीं चार मित्र जमवावे, खेळावें, खावें आणि हंसत घरीं जावें, ही इच्छा मुलांच्या ठायीं स्वाभाविक आहे. आणि ती शक्य तितकी पुरविणें हें वडील माणसांचें कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों. आलेल्या पाहुण्याचें स्वागत कसें करावें, आपल्या आधीं दुसऱ्याच्या पुढें खाऊ कसा ठेवावा, खेळांत हार झाली असतां तोंड प्रसन्न कसें ठेवावें, हे धडे पुस्तकांत वाचून येत नाहींत. ते अशा संमेलनांतच मिळतात.

परंतु अलीकडे या साध्या सुखाभोंवतीं खर्चाचें मोठें कुंपण उभें राहिलें आहे. शहरांत तर वाढदिवसाचें सारें काम मक्त्यानें करून देणारे लोक आहेत. भाड्याचा दिवाणखाना, छापील पडदे, फुग्यांच्या कमानी, मजल्यांचा केक, खेळ घेण्यासाठीं पगारी माणूस, आणि परत जातांना प्रत्येक पाहुण्याच्या हातीं भेटीची एक पिशवी, असा सर्व थाट पैसे मोजले कीं तयार मिळतो. ज्याच्याजवळ द्रव्य आहे त्यानें तें आपल्या हौसेसाठीं खर्चावें, त्यास आमची हरकत नाहीं. आमची चिंता निराळी आहे. एका घरीं असा समारंभ झाला म्हणजे वर्गांतील इतर मुलांच्या घरींही तसाच हट्ट सुरू होतो. कोणी बाप उसनवारी करतो. ऋण काढून सण करूं नये, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों. तरी मुलाच्या डोळ्यांतील पाणी पाहून शहाणीं माणसेंही ही म्हण विसरतात. उलट एखादा मुलगा किंवा मुलगी घरची स्थिति जाणून मुळींच हट्ट करीत नाहीं. बोलावणें आलें तरी जात मात्र नाहीं. दुसऱ्या दिवशीं विचारलें तर 'पोट दुखत होतें' असें उत्तर मिळतें. खरें कारण असें असतें कीं, हातांत नेण्यास भेटवस्तु नसते. आणि आज दुसऱ्याच्या घरीं खाल्लें तर उद्यां त्यास आपल्या घरीं बोलवावें लागेल, ही धास्ती असते. पुष्कळ वर्षें मुलांत वावरलेल्या शिक्षकास हें पोटाचें दुखणें ओळखूं येतें. प्रस्तुत लेख मुख्यतः अशा मुलांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं लिहिला आहे.

थोडक्या पैशांत संमेलन कसेंबसें उरकतां येतें, एवढेंच आमचें म्हणणें नाहीं. नीट योजना केली तर तें महागड्या संमेलनाहून अधिक रंगतें, असें आम्ही म्हणतों. कारण विकत आणलेल्या थाटांत मुलें केवळ प्रेक्षक असतात. घरीं योजिलेल्या संमेलनांत प्रत्येकाला कांहींतरी करावयाचें असतें. खर्चाच्या जागीं योजना कशी बसवावी, तेवढें आतां पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, संमेलनाचें एक सूत्र ठरवावें. फुलें कितीही असलीं तरी दोऱ्यावांचून हार होत नाहीं, तसेंच हें आहे. पाऊस, अरण्य, आठवड्याचा बाजार, टपालकचेरी, समुद्रकिनारा, चांदणी रात्र, आगगाडी, असा एखादा विषय घ्यावा आणि निमंत्रण, सजावट, खेळ व खाऊ हीं सर्व त्याच विषयाला धरून योजावीं. याचे तीन लाभ आहेत. पहिला लाभ काटकसरीचा. बाजारांत गेल्यावर दहा वस्तु मनाला भुलवितात. परंतु सूत्र ठरलेलें असलें म्हणजे त्यांतील नऊ आपल्या कामाच्या नाहींत हें तात्काळ कळतें. आगगाडीच्या संमेलनास फुग्यांची कमान कशाला हवी? दुसरा लाभ असा कीं, घरांतील नेहमींच्या वस्तूंस नवें रूप येतें. चार खुर्च्या एकामागें एक मांडल्या तर त्या खुर्च्याच राहतात. पण त्यांवर डब्यांचे क्रमांक लाविले आणि एकाच्या हातीं शिट्टी दिली, कीं आगगाडी उभी राहते. तिसरा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. सूत्र असलें म्हणजे कामें निघतात. जो मुलगा चारचौघांत बोलावयास लाजतो, तो तिकिट तपासनीस झाला कीं प्रत्येकाजवळ जाऊन 'तिकिट दाखवा' असें म्हणूं शकतो. कारण तें बोलणें त्याचें स्वतःचें नसून त्याच्या अधिकाराचें असतें.

सूत्र निवडतांना तीन प्रश्न विचारावे. हा विषय येणाऱ्या सर्व मुलांच्या ओळखीचा आहे काय? त्यास लागणारें साहित्य बहुतेक घरांतच मिळेल काय? आणि त्यांत प्रत्येकास कांहीं करावयास मिळेल काय? ज्या सूत्रासाठीं पाहुण्यांस खास पोषाख विकत घ्यावा लागेल, तें सूत्र कितीही मनोहर असलें तरी टाकून द्यावें; कारण त्यामुळें आपला खर्च वांचतो, पण तो पाहुण्याच्या घरीं जाऊन बसतो.

स्वस्त साहित्य म्हणजे हलकें साहित्य, असा समज असेल तर तोही दूर करावा. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यांत, बालशिक्षणाचें काम आरंभिलें. तेथें व पुढें कोसबाड येथें त्यांनीं शिंपले, बिया, पानें, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंचाच शिक्षणाच्या साधनांसाठीं उपयोग केला. महागडीं साधनें आणण्याची ऐपत नसलेल्या गांवींही उत्तम शिक्षण देतां येतें, हें त्यांच्या कामानें दिसून आलें. अमेरिकेंतील एक उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. डिसेंबर १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकावर, थंडीच्या दिवसांत घरांत बसून कंटाळलेल्या अठरा तरुणांसाठीं आंतल्या आंत खेळतां येईल असा खेळ शोधण्याची जबाबदारी आली. त्यानें शाळेच्या रखवालदाराजवळ दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, रखवालदारानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्ज्याच्या कठड्यास ठोकून, पायानें खेळावयाचा चेंडू हातीं घेऊन, तेरा नियम लिहून नेस्मिथनें जो खेळ मांडला, तोच आज जगभर खेळला जाणारा बास्केटबॉल होय. टोपल्यांस बूड असल्यामुळें चेंडू दर वेळीं वर चढून काढावा लागे. पण तेवढ्यानें खेळाची गोडी कमी झाली नाहीं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. संमेलनाचा दिवस ठरविण्यापूर्वीं आईबापांजवळ बसून, किती रक्कम सहज देतां येईल हें विचारावें, आणि ती रक्कम कागदाच्या माथ्यावर लिहावी. अंथरूण पाहून पाय पसरावे हा नियम येथें अक्षरशः पाळावयाचा आहे. म्हणजे आधीं यादी करून मग पैसे मागावयाचे नाहींत, तर आधीं रक्कम ठरवून मग यादी करावयाची. उदाहरणार्थ, वीस मुलांसाठीं १,००० रुपये आहेत असें धरूं. त्यांतील ६०० रुपये खाण्यापिण्यास, १०० रुपये खेळांच्या साहित्यास, १०० रुपये निमंत्रणें व सजावट यांस ठेवावे, आणि २०० रुपये अडीअडचणीसाठीं राखून ठेवावे. रक्कम याहून निम्मी असेल तर पाहुणेही निम्मे बोलवावे किंवा खाऊ साधा करावा. पण राखीव भाग काढून टाकूं नये. गॅस संपणें, पाऊस येणें, दोन पाहुणे अधिक येणें, हें सर्व आयत्या वेळींच घडतें. वेळही मोजकी असावी. दोन तास पुरेत. मुलें कंटाळून घरीं जाण्यापेक्षां 'आणखी थोडें हवें होतें' असें म्हणत गेलेलीं बरीं.

आतां एक संमेलन आम्ही सबंध योजून दाखवितों. वयें नऊ ते तेरा, मुलें वीस, वेळ सायंकाळीं चार ते सहा, आणि सूत्र 'मुंबई ते पुणें आगगाडीचा प्रवास'. विषय मुद्दाम ओळखीचा घेतला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत, सुमारें ३४ किलोमीटर, चौदा डब्यांची गाडी सुमारें चारशें पाहुण्यांस घेऊन निघाली. आणि हिंदुस्थानांत उतारूंसाठीं आगगाडी सुरू झाली. तिला तीन एंजिनें जोडलेलीं होतीं. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतील, ज्यास भोरघाटही म्हणतात, लोहमार्ग खुला झाला. मुंबईहून पुण्याचें अंतर लोहमार्गानें सुमारें १९२ किलोमीटर आहे. आपण तें एका खोलींत व अंगणांत दोन तासांत काटावयाचें आहे.

निमंत्रण म्हणजेच तिकिट. घरीं आलेल्या जुन्या लग्नपत्रिकांची मागील कोरी बाजू यासाठीं उत्तम. तिकिटावर गाडीचें नांव, सुटण्याची वेळ आणि डब्याचा क्रमांक लिहावा. खालीं एक ओळ ठळक अक्षरांत घालावी: 'उतारूंनीं सोबत कोणतेंही सामान अथवा भेटवस्तु आणूं नये.' ही ओळ विनोदाची दिसते, पण साऱ्या योजनेंत तिचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. तिच्यामुळें ज्याला भेट आणणें शक्य नाहीं त्याचा संकोच जातो; आणि ज्याला शक्य आहे त्यासही सर्वांसारखेंच रिक्त हस्तानें यावें लागतें. तिकिटें एकदम वर्गांत वांटूं नयेत. ज्यांस बोलवावयाचें त्यांच्या घरीं जाऊन द्यावीं. म्हणजे ज्यांस बोलावणें नाहीं त्यांच्या मनास लागणार नाहीं.

सजावटीसाठीं जुन्या पुठ्ठ्यांवर स्थानकांचीं नांवें ठळक लिहून खोलीच्या व अंगणाच्या निरनिराळ्या भागीं लावावीं: मुंबई, ठाणें, कल्याण, कर्जत, खंडाळा, लोणावळा, पुणें. जमिनीवर खडूनें दोन समांतर रेघा काढून त्यांमध्यें आडव्या रेघा मारल्या कीं रूळ झाले. एवढी सजावट पुरे. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि शोभेचा थर्माकोल यांस १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशांत कायद्यानें बंदी आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. पळसाच्या पत्रावळी व द्रोण मिळत असतील तर ते घ्यावे. नाहींतर घरच्या व शेजारच्या ताटल्या घेऊन त्या धुण्याचें काम वांटून घ्यावें.

मुंबई स्थानकावर पहिला खेळ जोडीदार शोधण्याचा. दहा पत्र्यांवर दहा चित्रें काढून त्या प्रत्येकाचे वेडेवांकडे दोन तुकडे करावे आणि दारांतच प्रत्येक पाहुण्यास एक तुकडा द्यावा. ज्याच्या तुकड्याशीं आपला तुकडा जुळेल तो आपला सहप्रवासी. दोघांनीं एकमेकांचें नांव, आवडता खेळ आणि आवडता पदार्थ विचारून घ्यावा व सर्वांस सांगावा. या खेळास पांच मिनिटें लागतात, आणि खर्च नाहींच. पण नवखें मूल भिंतीशीं एकटें उभें राहण्याची वेळ त्यानें टळते. म्हणून तो आरंभींच असावा.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाडी चालवावयाची. पांच पांच मुलांच्या चार गाड्या कराव्या. प्रत्येकानें पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवावे. पुढच्या चौघांनीं डोळे मिटावे. फक्त शेवटच्यानें उघडे ठेवावे. हा आपला गार्ड. याच हुद्द्यास रेल्वेंत २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यानें पुढच्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली तर उजवीकडे, डाव्यावर मारली तर डावीकडे, दोन्हींवर मारली तर थांबावयाचें. आणि थाप एकापासून दुसऱ्याकडे पुढें जात पहिल्यापर्यंत पोंचवावयाची. अंगणांत मधून मधून उशा ठेवाव्या; त्यांस न लागतां गाडी पलीकडे गेली पाहिजे. या खेळांत बोलावयाचें नाहीं. प्रत्येकास एकदां गार्ड होऊं द्यावें.

कर्जतला घाट सुरू होतो. तेथें जड गाड्यांस मागून रेटण्यासाठीं जादा एंजिनें जोडतात, हें मुलांस सांगावें, आणि मग घाट चढण्याचा खेळ घ्यावा. दोघां सहप्रवाशांनीं वर्तमानपत्राचें एक पान चारी कोपऱ्यांस धरून त्यावर कापडाचा चेंडू ठेवावा व तो न पाडतां अंगणाच्या दुसऱ्या टोंकास नेऊन पुढच्या जोडीस द्यावा. मोज्यांत चिंध्या भरून उत्तम चेंडू होतो. येथें दोन पक्ष करूं नयेत. सर्व दहा जोड्यांस मिळून किती वेळ लागला तें घड्याळांत पाहून मोठ्यानें सांगावें, आणि पुन्हां एकदां तोच प्रवास करावयास लावून, सर्वांनीं मिळून आपलाच पहिला वेळ मोडावयाचा. यांत कोणी हरत नाहीं, तरी चुरस कमी होत नाहीं. खंडाळ्यास बोगदा. मुलांनीं दोन रांगांत समोरासमोर उभें राहून हात वर जोडावे. शेवटच्या जोडीनें वांकून आंतून पळत येऊन पुढें उभें राहावें. अशा रीतीनें बोगदा पुढें पुढें सरकत लोणावळ्यापर्यंत पोंचतो.

पळापळीनंतर लोणावळ्यास बसून खेळावयाचा खेळ हवा. एका ताटांत किल्ली, चमचा, बटण, पेन्सिल, चिंचोका, वाटी, दोरा अशा पंधरा वस्तु मांडून एक मिनिट सर्वांस पाहूं द्याव्या, मग वर रुमाल टाकावा. प्रत्येक जोडीनें आठवतील तितक्या वस्तु कागदावर लिहाव्या. आपल्या सूत्रांत यास 'हरवलेलें सामान' म्हणतां येईल. या खेळाचा इतिहासही मौजेचा आहे. १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंगच्या 'किम' या १९०१ सालच्या कादंबरींत सिमल्याच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानांत हा खेळ येतो. बेडन पॉवेल यांनीं तो १९०८ सालीं आपल्या बालवीरांच्या पुस्तकांत घेतला, आणि तेव्हांपासून जगभरचे बालवीर तो 'किमचा खेळ' म्हणून खेळत आले आहेत.

शेवटचा खेळ पुण्यास, आणि त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. संगीतखुर्चीचा खेळ सर्वांस ठाऊक आहे. वाद्य थांबलें कीं बसावयाचें, आणि ज्यास खुर्ची मिळाली नाहीं तो बाद. आतां विचार करा. जो सर्वांत सावकाश धांवतो, जो दुसऱ्यास ढकलीत नाहीं, तोच सर्वांच्या आधीं बाद होतो. आणि ज्यास खेळण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्या वांट्यास सर्वांत अधिक वेळ बसून पाहणें येतें. कॅनडांतील टेरी ऑर्लिक या मानसशास्त्रज्ञानें १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सहकारी खेळांच्या पुस्तकांत हा खेळ उलट करून दाखविला आहे. त्यांत खुर्च्या कमी होतात, माणसें मात्र कमी होत नाहींत. उरलेल्या जागेंत सर्वांनींच कसेंतरी मावावयाचें असतें. हा प्रकार आपल्या आगगाडीस तर फारच शोभतो. गर्दीच्या डब्यांत 'थोडें सरका' म्हणून चौथा मनुष्य तिघांच्या बांकावर कसा बसतो, हें कोणास ठाऊक नाहीं? खुर्च्या मोडण्याचा व पडण्याचा धोका टाळण्यासाठीं खुर्च्यांऐवजीं वर्तमानपत्राचीं पानें जमिनीवर पसरावीं. गाणें थांबलें कीं पांच पांच जणांनीं एका पानावर उभें राहावें. दर वेळीं पान मधोमध दुमडून निम्में करावें. तिसऱ्या घडीस एकमेकांस धरल्यावांचून कोणासही उभें राहतां येत नाहीं. त्या वेळीं जो हंसण्याचा कल्लोळ होतो तो कोणत्याही पगारी गमत्याला जमणार नाहीं.

यावरून खेळ निवडण्याचा एक सर्वसाधारण नियम आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. ज्या खेळांत बाद झालेल्यास बाहेर बसावें लागतें तो खेळ टाळावा, किंवा त्याचा नियम बदलावा. आपल्या लंगडी, लगोरी, आट्यापाट्या या खेळांसही हाच नियम लावितां येईल: बाद झालेल्यानें बाहेर न जातां दुसऱ्या पक्षास मिळावें. शेवटीं सर्वजण एकाच पक्षांत येतात आणि खेळ आपोआप संपतो. धांवूं न शकणारें मूल पाहुण्यांत असेल तर त्यास वेळ मोजणारा, शिट्टी वाजविणारा किंवा स्थानकप्रमुख करावें. पण तें काम खरें असावें, केवळ समजुतीखातर दिलेलें नसावें. मुलांस हा फरक तात्काळ कळतो. आणि बक्षिसें मुळींच ठेवूं नयेत. बक्षिसांवर होणारा खर्च वांचतो हें तर खरेंच. शिवाय बक्षीस न मिळालेल्या एकोणीस मुलांची निराशाही टळते.

खाऊही सूत्रास धरूनच. कर्जतचा बटाटेवडा आणि लोणावळ्याची चिक्की या मार्गावरील प्रवाशांच्या जिभेवर वर्षानुवर्षें आहेत. ते घरीं करावे. वीस मुलांस प्रत्येकीं दोन याप्रमाणें चाळीस लहान वड्यांसाठीं सुमारें दोन किलो बटाटे व अर्धा किलो बेसन पुरतें. अर्धा किलो शेंगदाणे भाजून, सोलून, सुमारें चारशें ग्रॅम चिक्कीच्या गुळाच्या पाकांत घातले म्हणजे प्रत्येकास पुरेशी चिक्की होते. दहा लिंबें व चारशें ग्रॅम साखर यांचें वीस पेले सरबत होतें. चिक्की आदल्या दिवशीं करून ठेवावी. उकळत्या पाकाचें व तळणाचें काम वडील माणसांनींच करावें; बटाटे सोलणें, कोथिंबीर निवडणें, लिंबें पिळणें हीं कामें मुलांनीं करावीं. कोणास शेंगदाणा बाधतो काय, हें निमंत्रण देतांनाच घरीं विचारून घ्यावें, आणि तशा मुलासाठीं चुरमुऱ्याचा लाडू निराळा करावा. पाहुण्यांबरोबर लहान भावंडें आलीं तर त्यांस अख्खे शेंगदाणे अथवा चिक्की देऊं नये. घशांत अडकण्याचें भय असतें. वाढतांना 'वडा गरम! चिक्की!' अशी आरोळी देत फेरीवाल्याप्रमाणें डब्यांतून फिरावें. तेथेंही एक खेळ झाला.

ज्यांस आगगाडी नको त्यांनीं आठवड्याचा बाजार मांडावा. दारांत प्रत्येकास वीस चिंचोके द्यावे. हें त्याचें धन. धनवानाचा मुलगा असो वा मजुराचा, प्रत्येकाजवळ चिंचोके वीसच. एका पालाखालीं बादलींत चेंडू टाकण्याचा खेळ, दुसऱ्याखालीं डोळे बांधून वासावरून मसाला ओळखण्याचा, तिसऱ्याखालीं बरणींतील वाटाण्यांची संख्या अजमावण्याचा. कांहीं ठिकाणीं चिंचोके जातात, कांहीं ठिकाणीं मिळतात. शेवटीं चुरमुरे, शेव, कांदा, टोमॅटो, चटणी हीं निरनिराळ्या पालांवर चिंचोक्यांनीं विकत घ्यावयाचीं, आणि सर्वांनीं आपापली खरेदी एकाच परातींत ओतून भेळ करावयाची. ज्याचे चिंचोके संपले असतील त्यासही त्या परातींतून सर्वांइतकीच भेळ मिळावी, हा बाजाराचा कायदा आधींच जाहीर करावा.

कामाची वांटणी लिहून ठेवावी. एकानें तिकिटें, दोघांनीं स्थानकांच्या पाट्या, एकानें खेळांचें साहित्य एका पेटींत क्रमानें लावणें, एकानें घड्याळ. कोणता खेळ किती वेळ, हें कागदावर लिहून भिंतीस लावावें. आगगाडीस वेळापत्रक असतेंच! एक खेळ ठरविल्याहून अधिक ठेवावा, म्हणजे पाऊस आला तर घरांत खेळतां येईल. आणि गाडी पुण्यास पोंचल्यावर उतारूंनीं निघून जाण्यापूर्वीं दहा मिनिटें डबे झाडावयाचे, हाही प्रवासाचाच भाग समजावा. वीस जणांस दहा मिनिटें लागतात. एकट्या आईस दीड तास लागतो.

आईबापांस आमची एक विनंती आहे. घर लहान आहे, भिंतीचा रंग उडाला आहे, ताटल्या सारख्या नाहींत, म्हणून मुलांस संमेलन नाकारूं नये. दहा वर्षांच्या मुलाचें लक्ष भिंतीकडे जात नाहीं; आपल्याकडे कोणी लक्ष देतें कीं नाहीं, इकडे मात्र पुरतें जातें. तुम्ही दारांत उभे राहून प्रत्येक पाहुण्याचें नांव घेऊन 'ये बाळ' म्हटलें, तर तुमचें घर त्यास मोठें वाटेल. आणि तुमच्या मुलास दुसरीकडून बोलावणें आलें, पण भेट देण्याची सोय नसली, तर त्यास घरीं बसवूं नका. त्याच्याच हातानें चार ओळींचें एक पत्र लिहवून द्या. यजमान मुलाचा कोणता गुण आपणांस आवडतो, तेवढेंच त्यांत असावें. मित्राच्या हातचें असें पत्र पुष्कळ मुलें वर्षानुवर्षें जपून ठेवतात.

विद्यार्थ्यांसाठीं शेवटचें काम राहिलें. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं, पाट्या व दोऱ्या जपून बांधून ठेवल्यावर, वहींत दोन रकाने पाडावे. एकांत प्रत्येक वस्तूचा खर्च लिहावा; दुसऱ्यांत, त्या वस्तूपासून किती जणांस व कितीसा आनंद झाला तें लिहावें. मग दोन्ही रकाने शेजारीं शेजारीं वाचावे. वर्तमानपत्राच्या जुन्या पानांपुढें पैशाच्या रकान्यांत शून्य असेल. हिशेब आईबापांस वाचून दाखवावा, राखीव रकमेंतून जें उरलें असेल तें त्यांच्या हातीं परत द्यावें, आणि पाट्यांची पेटी पुढच्या मित्राच्या घरीं नेऊन पोंचवावी. म्हणजे त्याच्या संमेलनाचा खर्च आपल्याहूनही कमी होईल.